जमिनीला घाबरणारी भिंगरी

टेलरमास्टरांना राग आला की ते गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवत. ओरडणं, आपटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि कात्री आपटली तर तिची धार जाते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. टेप खुंटीला गेली की गिऱ्हाईक समजून जायचं, आज मापं घेतली जाणार नाहीत, उद्या यावं. एरवी असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. ज्या वर्षी त्यांची मुलगी फुटबॉल क्लबात पगारी खेळाडू झाली, त्या वर्षी मात्र ती टेप गळ्यात कमी आणि खुंटीवर जास्त राहिली.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. कापड कापायचं मोठं टेबल, दोन शिलाई मशिनं, खिडकीशी काजं-बटणं करत बसलेली तिची आई, आणि उरलेल्या जागेत गिऱ्हाईक. खेळायला जागा उरली ती टेबलाखाली. मास्टरांनी कातरणांचा गोळा करून, वर जुना मोजा चढवून तिला चेंडू शिवून दिला होता. अट एकच होती: गिऱ्हाईकाच्या पायाला चेंडू लागला की त्या दिवसापुरता खेळ बंद. मग ही पोर मशिनच्या लोखंडी पायांमधून, बापाच्या हलत्या पावलाला वळसा घालून, गिऱ्हाईकाच्या बुटाशेजारून चेंडू असा काढायची की माप देणाऱ्याला पत्ता लागू नये. जागच्या जागी गर्रकन वळायची सवय तिथलीच. पुढे एका वार्ताहराने तिच्या त्या वळण्याला निसर्गाची देणगी म्हटलं, तेव्हा आई दाताने दोरा तोडत म्हणाली, "कसली देणगी? दुकान लहान होतं."

सोळाव्या वर्षी क्लबाने तिला मुलींच्या मुख्य संघात घेतलं. एवढ्या लहान वयात तिथे तोवर कुणी पोचलं नव्हतं. करार वर्षाचा होता. वर्ष चांगलं गेलं तर पुढे तीन वर्षांचा, नाही तर नमस्कार. पहिल्या सामन्याला मास्टर इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि मुलगी मैदानात आली तसे जागेवरून उठलेच.

"हे काय पोतं घातलंय माझ्या पोरीला?"

पुरुषांच्या संघाने वापरून टाकलेले कपडे मुलींना मिळत. खांदे कोपरापर्यंत उतरलेले, हाफपँटी गुडघ्याखाली, कमरेला नाड्या आवळून गाठी मारलेल्या. कॅप्टन म्हणून जी थोराड मुलगी होती, तिने तर सुटणारी कंबर बुटाच्या लेसने बांधली होती. भिंगरीने त्या पोत्यातही दोघींना चकवून गोल केला. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मास्टर उभे होतेच, पण त्यांची नजर त्या खांद्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी ते क्लबाच्या मॅनेजरसाहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, मुलींचे कपडे मी शिवतो. कापडाचे द्या, शिलाईचं बघू पुढे."

साहेबांना आयतंच हवं होतं. "शिवा की. शर्ट आपला मरून. आणि खाली?"

क्लबाचे रंग दोन, मरून आणि पांढरा. मास्टरांनी क्षणभर डोळे मिटले. हिरवं मैदान, वर मरून, खाली झक्क पांढरं. "पांढरी हाफपँट, साहेब. काय उठून दिसेल!"

सगळ्या मुली दुकानात येऊन मापं देऊन गेल्या. मास्टरांनी कापड निवडलं ते हलकं, मऊ, घाम टिपणारं. शिवण आतून अशी दाबली की मांडीला काचू नये. कपडे पोचवले त्या दिवशी मुली आरशापुढून हलेनात. कॅप्टन म्हणाली, "काका, आज पहिल्यांदा आम्ही संघ वाटतोय." मास्टर घरी आले ते तरंगतच. जेवताना दोनदा म्हणाले, "पांढऱ्याची गोष्टच वेगळी." भिंगरी खाली बघून जेवत होती. आईने मुलीकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा तांब्या भरायला उठली.

त्यानंतर काय झालं ते मास्टरांना कळेना.

एखाद्या सामन्यात पोर अशी खेळे की समोरच्या संघाच्या मुली एकमेकींवर आपटत. पुढच्याच सामन्यात तीच पोर कडेकडेने धावे. घसरून चेंडू काढायची वेळ आली की थांबे. कुणी अंगावर आलं की बाजूला होई. आणि सारखा हात मागे. शर्ट खाली ओढ, वळून बघ, पुन्हा ओढ. वर्तमानपत्रात तिच्या नावापुढे 'लहरी' हा शब्द छापून आला. दुसऱ्याने तोच उचलला. मग कोचने तिला बाकावर बसवायला सुरुवात केली.

मास्टरांनी टेप खुंटीला लावली आणि सरावाच्या मैदानावर जाऊन कोचला गाठलं.

"सर, माझ्या मुलीचं काय चुकलं ते मला सांगा."

कोच माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "मास्टर, खरं सांगू? तुमची पोरगी जमिनीला घाबरते. फुटबॉल हा पडण्याचा खेळ आहे. ही पडतच नाही. आज मूड आहे तर खेळणार, उद्या नाही तर नाही. आणि सारखं काय ते कपडे सावरणं? फॅशन शो आहे का हा?"

"ती आळशी नाहीये."

"आळशी कुठं म्हणतोय? लहरी म्हणतोय. पुढच्या वर्षीच्या करारासाठी साहेबांना मला लेखी मत द्यायचंय. मी खोटं लिहू का?"

मास्टर परतले ते कानशिलं तापलेल्या अवस्थेत. त्यांची पोर, जी तापाने फणफणतानाही टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हती, ती लहरी! पण रागातही त्यांचं शिंप्याचं डोकं चालूच होतं. कपडे सावरते, म्हणजे कपडा कुठेतरी चुकलाय.

"इकडे ये. सरळ उभी राहा," त्यांनी घरी आल्याबरोबर भिंगरीला फर्मावलं. "सीटला कमी पडतं का? बसताना ओढ येते?"

"नाही, बाबा."

"कंबर खाली सरकते?"

"नाही हो, बाबा. छान बसते."

"मग मागे सारखं काय चाचपतेस?"

तिने आईकडे पाहिलं. आई सुई ओवत होती, आणि डोळ्यांना चष्मा असून तो दोरा काही केल्या ओवला जात नव्हता. "सवय लागलीय," भिंगरी पुटपुटली आणि आत गेली.

मास्टरांनी आपल्या परीने उपाय केला. सगळ्या मुलींचे शर्ट मागवून पाठीमागून दोन बोटं लांब केले. मुलींनी धन्यवाद दिले. भिंगरी बाकावरच राहिली.

हंगामाचा शेवटचा सामना आठवड्यावर आला होता. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, त्या सामन्यात कोण कसं खेळतं ते बघून करार ठरतील. अशात एका सकाळी मास्टर दोरीवरचे कपडे काढत होते. भिंगरीची हाफपँट उलटी वाळत होती. त्यांनी ती सुलटी करायला घेतली आणि हात थांबला.

आतून कुणीतरी अस्तर लावलं होतं. गडद निळ्या, जाड, शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं. त्यांच्याच कातरणांच्या पेटीतलं. आणि टाके? एक लांब, एक आखूड, एक शिवणीच्या बाहेर. मध्येच गाठ, गाठीवर गाठ.

"कुणी केलं हे?" मास्टरांचा आवाज अंगणातून थेट स्वयंपाकघरात. "माझ्या शिवणीवर हात कुणी चालवला? हे टाके आहेत का? बैलाची झूल याच्यापेक्षा बरी शिवतील! या जाड कापडाने घाम कुठे जाणार? धावताना मांडी सोलून निघेल पोरीची!"

भिंगरी दारात आली. आईही आली.

"मी शिवलं, बाबा," भिंगरी म्हणाली.

"तू? कशाला? बापाच्या हातची आवडत नव्हती तर तोंडाने सांगायचं!"

भिंगरीचे डोळे भरून आले, आणि ते बघून आईचा बांध फुटला. "अहो, किती वर्षं संसार केलात? घरात दोन बायका आहेत. पोरगी सोळा वर्षांची आहे. महिन्याला पाळी येते तिला. आणि तुम्ही तिला पांढरीशुभ्र हाफपँट शिवून दिलीत, तीही मलमलीसारख्या कापडाची, आणि शेकडो माणसांपुढे पाय फाकून पडायला पाठवता. तुम्ही पडाल?"

मास्टर हाफपँट हातात धरून तसेच उभे राहिले. कुणीतरी तोंडात मारावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"मग... मग सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही इतके खूश होतात, बाबा," भिंगरी म्हणाली. "पहिल्यांदाच आमच्या मापाचं काहीतरी मिळालं होतं. मी आईला शपथ घातली, तुम्हाला काही सांगायचं नाही म्हणून. आणि मी एकटी नाही. सगळ्यांनी आतून असंच शिवलंय. कॅप्टनने तर दोन थर लावलेत. गोलकीपरची तेवढी काळी असते, म्हणून त्या दिवसांत सगळ्यांनाच गोलकीपर व्हायचं असतं."

हे शेवटचं ती हसायचा प्रयत्न करत बोलली. मास्टरांना हसू आलं नाही. वर्षभरातला एकेक सामना त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत होता. कडेने धावणारी पोर. मागे जाणारा हात. आणि आपण त्या हाताकडे बघून सीटचं माप घेत होतो.

"क्लबात कुणाला सांगितलंत?"

"कॅप्टन गेली होती साहेबांकडे. एकदा नाही, तीनदा. साहेब म्हणाले, मुलींनी आपलं आपण बघावं, रंग ही क्लबाची ओळख आहे. तिसऱ्यांदा तर ते फोनवरच बोलत राहिले, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

टेप गळ्यात होती. ती खुंटीला लावायचंही मास्टरांना सुचलं नाही. तसेच टेपसकट निघाले.

वाटभर ते एक शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होते. आयुष्यात त्यांनी तो चारचौघांत उच्चारला नव्हता. घरातसुद्धा त्याला 'बरं नाही' म्हणायची पद्धत. एका वळणावर तो जरा मोठ्याने निघून गेला, तेव्हा शेजारून चाललेल्या सायकलवाल्याने वळून पाहिलं.

मॅनेजरसाहेबांची खोली मोठी होती. भिंतीवर चषकांचं कपाट, टेबलावर काच, काचेखाली पुरुषांच्या संघाचे फोटो.

"या मास्टर! काय, नवीन काही शिवायचं काढलंय?"

"साहेब, मुलींच्या हाफपँटी पांढऱ्या नकोत. मरून करा."

"का बुवा?"

"मुलींना पाळी येते म्हणून."

साहेबांनी घाईघाईने दाराकडे पाहिलं. "अहो, हळू! हे असलं... हे बायकांचं खासगी..."

"खासगी कुठे राहिलं? शेकडो माणसांपुढे मैदानात आहे ते. माझ्या मुलीला पाळी येते. तुमच्या कॅप्टनला येते. सगळ्या संघाला येते. ती आली की त्या पडायला घाबरतात, आणि तुम्ही त्यांना लहरी ठरवता."

"हे बघा," साहेबांचा सूर बदलला, "हंगाम संपायच्या आत रंग बदलता येत नाही. उद्या एक म्हणेल पिवळा द्या. क्लबाला काही ओळख आहे की नाही? आणि मास्टर," ते खुर्चीत मागे रेलले, "मी विचारलं होतं तेव्हा पांढरा म्हणालं कोण? तुम्हीच ना? मुलीचे बाप असून तुमच्या लक्षात आलं नाही. मग मी तर परका माणूस."

घाव बरोबर लागला. मास्टरांनी काचेखालच्या फोटोंवरून नजर वर उचलली.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी गाढवपणा केला. पण मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तीनदा सांगितलं. माझी चूक मी माझ्या हाताने उसवतो. तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन त्यांनी मरून कापडाचा अख्खा तागा टेबलावर उलगडला. कुणाच्या लग्नाचा सूट, कुणाची शाळेची पँट, सगळं बाजूला. आई नाड्या ओवायला बसली. साहेबांकडे हेलपाटे घालून थकलेली कॅप्टनही सराव आटोपून आली, आणि येताना दोघी-तिघींना घेऊन आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्टर कापता कापता बोलत होते, कुणाशी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "ओळख म्हणे! कपाटातल्या चषकांना कधी पाळी येते का? फॅशन शो म्हणे! एकदा घालून बघा म्हणावं."

"काका, बोट सांभाळा," कॅप्टन म्हणाली.

"बोटाला काय धाड भरलीय? गेलंच तर डाव्या हाताचं जाईल!"

मुली खदाखदा हसल्या. मास्टर मात्र रागातच होते. आतलं अस्तर त्यांनी यावेळी स्वतः लावलं, पातळ, दुहेरी, टाके न दिसणारं.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी ते कपड्यांचं गाठोडं घेऊन कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभे राहिले. कॅप्टनने दार किलकिलं करून गाठोडं आत ओढलं. भिंगरी दाराशी आली. चेहरा उतरलेला.

"बाबा, आज दुसरा दिवस आहे," ती हळूच म्हणाली.

हे तिने बापाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. "असू दे," मास्टर म्हणाले. "कापड पक्क्या रंगाचं आहे."

तेवढ्यात साहेब आले, मागून कोच. कुणीतरी बातमी पोचवली होती. साहेबांनी दारावर थाप मारली. "मी ऐकलंय ते खरं आहे का? पांढऱ्या हाफपँटीशिवाय एकही मुलगी मैदानात पाय ठेवणार नाही! आणि जिला करार हवाय तिने तर नीट विचार करावा."

दार उघडून कॅप्टन बाहेर आली. मरून शर्ट, मरून हाफपँट. "सगळ्यांनी विचार केलाय, साहेब. पांढऱ्या आत टेबलावर घडी करून ठेवल्यात. ज्याला ओळख जपायचीय त्याने त्या घालाव्यात."

"कोच, सांगा यांना!"

कोच कॅप्टनकडे बघत होता. "हे सगळं कशासाठी चाललंय?"

तिने सांगितलं. सरळ, त्या शब्दासकट. कोचचे कान हळूहळू लाल झाले. "मग मला का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही फॅशन शो म्हणालात."

कोचने मान खाली घातली. मग साहेबांना म्हणाला, "माझ्याकडे दुसरा संघ नाही, साहेब. खेळायचं तर याच खेळतील. आणि भिंगरी पहिल्यापासून खेळेल."

साहेब पंचांकडे धावले. पंच एक किरकोळ बांध्याच्या बाई होत्या. त्यांनी मुलींच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. सगळ्यांचा रंग सारखा, समोरचा संघ निळ्यात. "नियमात काही अडत नाही," त्या म्हणाल्या. साहेब पुढे काही बोलणार तोच बाईंनी शिट्टी ओठांना लावली, आणि शिट्टीशी वाद घालता येत नाही.

मास्टर कठड्याशी जाऊन उभे राहिले. भिंगरी सुरुवातीला कडेनेच धावली. वर्षभराची भीती काही कापडाबरोबर बदलत नाही. एकदा हात मागे गेला, शर्ट ओढला. मास्टरांनी कठडा घट्ट धरला. मग समोरची एक दणकट मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघाली, मध्ये फक्त भिंगरी. आता ही थांबणार, बाजूला होणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

भिंगरीने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. ओल्या मातीवरून पाय पसरून सर्रकन घसरत गेली, चेंडू पायाच्या टोकाने काढला, उठली, गर्रकन वळली आणि निघाली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत चिखल. तिने मागे वळून पाहिलं नाही. हात मागे गेला नाही.

"पडली!" मास्टर शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून ओरडले. "पोरगी पडली माझी!"

"लागलं का तिला?" त्या माणसाने काळजीने विचारलं.

त्या सामन्यात ती इतक्या वेळा पडली की मास्टरांनी मोजायचं सोडून दिलं. गोल तिच्या नावावर एकही नव्हता. संघाचे दोन्ही गोल झाले ते तिने जमिनीवरून उठून दिलेल्या चेंडूवर, आणि संघ जिंकला.

तीन वर्षांचा करार आठवडाभरात आला. मास्टरांनी चष्मा लावून सोबतचं कोचचं मत वाचलं. कोचने जे मनापासून लिहिलं होतं ते होतंच, पण खाली साहेबांनी आपली एक ओळ घातली होती: 'खेळाडूच्या लहरी स्वभावात समाधानकारक सुधारणा.' टेप तिथल्या तिथे खुंटीला गेली. "सुधारणा? माझ्या पोरीचा स्वभाव होता तसाच आहे! सुधारली ती हाफपँट!" महिन्याभराने क्लबाच्या फाटकावर मोठं चित्र लागलं. त्यावर मरून हाफपँट घातलेली भिंगरी, आणि खाली लिहिलेलं, मुलींच्या सोयीसाठी क्लबाचा पुढाकार. त्या शेजारी साहेबांचा हसरा फोटो. नवे कपडे शिवायचं काम दुसऱ्या कारखान्याला गेलं होतं. भिंगरी म्हणाली, "जाऊ द्या ना, बाबा. रंग तर राहिला." आई म्हणाली, "त्या फोटोत साहेबांना एक पांढरी घालायला हवी होती."

जाऊ देणं मास्टरांना जमलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी एक मुख्याध्यापक दुकानात आले. मोठी ऑर्डर होती, दुकान वर्षभर चालेल अशी. मुलामुलींचे खेळाचे कपडे, वर निळा, खाली पांढरा.

"मुलींनाही पांढराच?" मास्टरांनी विचारलं.

"हो. शिस्तीला शोभतो. का?"

मास्टरांनी गळ्यातून टेप काढली. खिडकीत आईने सुई खाली ठेवली.

"मुलींना विचारलंत?"

मुख्याध्यापक हसले. "त्यात काय विचारायचं?"

मास्टरांनी टेप खुंटीला लावली, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा सर. आधी विचारून या म्हणणार होतो. पण का विचारायचं तेच तुम्हाला ठाऊक नसेल, तर ते मीच सांगतो."